ज्येष्ठेची भुवई

परवा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एक रंगीत पत्रक आलं. वर कुमुदकाकूंचा हार घातलेला फोटो, कोपऱ्यात महालक्ष्मीचा एक मुखवटा, खाली गुलाबी अक्षरांत ‘सहज आणि सुंदर : निर्मितीतला आनंद शोधा’. कार्यशाळा आहे म्हणे, काकूंच्या स्मरणार्थ. चित्र काढताना ज्यांना भीती वाटते, ज्यांचा हात आखडतो, त्यांच्यासाठी. मी ते वाचलं आणि हातातला कप तसाच खाली ठेवला. हात आखडतो म्हणे! ज्यांनी त्या बाईचा हात आखडवला, तेच आता हात मोकळे करायचे वर्ग घेऊन राहिले.

पाठोपाठ मंडळाच्या चिटणीसांचा फोन. “शोभाताई, तुम्ही रांझीला त्यांच्या शेजारी होत्या न? पाच मिनिटं बोला. हलकंफुलकं, प्रेरणादायी. फक्त एक विनंती, जुनं काही काढू नका.”

“नाही काढणार,” मी म्हटलं. तिथे नाही काढणार. इथे काढते.

रांझीला फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये आमची आणि काकूंची मागची पडवी एक होती, मधे कमरेएवढी भिंत. काका फॅक्टरीत, माझे बाबाही फॅक्टरीत. सकाळच्या भोंग्याला दोघे सायकली काढायचे आणि मग दिवस बायकांचा. आजूबाजूला सगळं हिंदी, पण आमच्या ओळीत मराठी घरं बरीच होती, आणि भाद्रपद आला की त्या सगळ्या घरांचा रस्ता काकूंच्या पडवीत येऊन थांबायचा. कारण महालक्ष्म्यांचे मुखवटे. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा. पेटीतून निघालेले कागदाच्या लगद्याचे जुने मुखवटे काकू दरवर्षी ओल्या फडक्याने पुसून कोरे करायच्या आणि नवीन चेहरा काढायच्या. पावडरचे रंग, डिंकाचं पाणी, काजळ. वर्षभरात रंग उडायचाच. कोणी म्हटलं, “काकू, वरून वॉर्निश मारा न, टिकेल,” तर म्हणायच्या, “देवी आहे का कपाट? जाऊ दे की तिला. ही गेल्याशिवाय पुढच्या वर्षीची कशी येईल?”

काकूंना बाकी कशाचीच आवड नव्हती, हे आधी सांगून टाकते, नाहीतर उद्या कार्यशाळेत कोणीतरी त्यांना अन्नपूर्णा करून टाकेल. पोळ्या जाड आणि वाकड्या. भाजीला मीठ कधी असे, कधी नसे. काकांनी तोंड वाकडं केलं तर म्हणायच्या, “स्वयंपाक ही माझी ड्यूटी आहे. तुम्ही ड्यूटीवर काय गाणं म्हणता का?” पण मुखवटा मांडीवर आला की बाई वेगळी. पाय पसरून जमिनीवर बसायच्या, तान्ह्या पोराला घास भरवायला घेतात तसा तो चेहरा मांडीवर, एका हाताला रंगाच्या वाट्या आणि दुसऱ्या हाताला खव्याची जिलबी. जिलबीचा पाक आणि गेरू एकाच बोटाला. कच्चं काही आखायच्या नाहीत, समोर चित्र ठेवायच्या नाहीत. हनुवटीपासून सुरुवात, मग ओठ, मग गाल. डोळे शेवटी.

आणि एक अट. त्यांना शांततेत काढता येत नसे. गोष्ट चालू पाहिजे. “बोला न गं कोणीतरी! मुक्यानं काय काढून राहिले मी, सुतक आहे का?” बायका पडवीत भाजी निवडत बसायच्या आणि बोलत राहायच्या. डोळ्यांची आखणी चालू असताना जी गोष्ट चालेल ती डोळ्यांत उतरते, असं सगळ्या ओळीत मानलं जायचं. काकू स्वतः असं काही म्हणत नव्हत्या. त्या एवढंच म्हणायच्या, “हात जातो तिकडे मी जाते. मला काय, मी मागून येऊन राहिली.”

एका वर्षी आमच्या ज्येष्ठेचे डोळे चालू असताना माझ्या आईने दूधवाल्या भैयाच्या म्हशीची गोष्ट लावली. म्हैस फॅक्टरीच्या गेटातून आत घुसली आणि दरबान तिच्यामागे “पास दिखाओ, पास दिखाओ” करत धावला. त्या वर्षी आमची ज्येष्ठा ओठ दाबून हसू आवरत उभी राहिली. बाबांना आरतीत हसू फुटलं आणि आईने कोपराने ढोसलं. टेंभुर्णेकाकूंनी एकदा नळावरचं भांडण सांगितलं, तर त्यांची देवी अशी रागावलेली निघाली की लहान मुलं समोर जाईनात. त्या धावत आल्या. “काकू, ही तर फणफणून राहिली!”

“मग भांडण काहून सांगितलं? जिलबीची गोष्ट सांगायची.”

पण त्याच वर्षी टेंभुर्ण्यांच्या मुलीला रेल्वेत नोकरी लागली. पुढच्या भाद्रपदात टेंभुर्णेकाकू आपण होऊन आल्या, पदर खोचला आणि नळावरचं तेच भांडण पहिल्यापासून सांगायला बसल्या.

कोणी “माझी अशी काढा, तशी काढा” म्हटलं की काकू कुंचला खाली ठेवायच्या. “पाहिजे तशी बाजारात मिळते. माझ्याकडे येते तशी येते. चालत असेल तर ठेव.” ठेवायच्या सगळ्या. काढून झालेला मुखवटा काकू स्वतःही नीट बघत नसत. वाळायला भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या, मग वर फडकं. घरच्यांनीही ते फडकं आवाहनाच्या दिवशी, उंबऱ्यावरच उचलायचं. घरात येताना देवीने पहिलं आपलं घर बघावं, असा आमच्या ओळीतला रिवाज. म्हणजे कोण आलंय ते कळायचं तेव्हा ती उंबऱ्यावर उभी असायची, आणि उंबऱ्यावरून महालक्ष्मीला परत कोण पाठवणार?

आता साल्पेकरबाई. मोठ्या क्वार्टरांच्या ओळीत राहायच्या, नवरा अधिकारी, स्वतः मंडळाच्या महिला शाखेच्या अध्यक्ष. त्यांची सून अलका, गोंदियाची. चार लोकांत बोलायची नाही, पण वाटी परत करायच्या निमित्ताने काकूंच्या पडवीत आली की डिंक भिजवत तासभर बसायची. तिची डावी भुवई जरा वर जायची. कोणी खोटं बोलायला लागलं की वर जायची, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू अडकायचं. सासूबाई बोलायला लागल्या की ती भुवई खाली यायचं नावच घेत नसे. काकूंचा तिच्यावर फार जीव होता.

अलकाला मूल झालं नाही. डॉक्टरकडे कोणाकोणाला नेलं आणि कोणाला नेलंच नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक दिवस तिला गोंदियाच्या गाडीत बसवून दिलं. “वडिलांची तब्येत बरी नाही, जाऊन ये.” मागून कोर्टाचे कागद गेले. पुढचा भाद्रपद यायच्या आत घरात दुसरी सून आली, रश्मी.

त्या वर्षी साल्पेकरांचे मुखवटे रश्मीच घेऊन आली आणि नमस्कार करून गेली. बिचारीला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. आखणीच्या दिवशी मी माहेरी आले होते, तिथेच होते. ती गेल्यावर पडवीत कुजबूज सुरू झाली आणि माझ्या आईने सांगितलं, जे तिने तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. अलका गेली त्या दिवशी ती मामाला पोचवायला स्टेशनवर गेली होती आणि तिला अलका दिसली होती. सासूने सोबत दिलेली ट्रंक हमालाला एकट्याने उचलेना. आईने विचारलं, “काय गं, कुठे?” अलका हसली, भुवई वर गेली, आणि म्हणाली, “काकू, वडिलांना बरं नाही म्हणतात. एवढी मोठी ट्रंक भरून औषध दिलंय त्यांच्यासाठी.”

पडवीत कोणी हसलं नाही. काकूंचा हात तेवढा चालू होता. मांडीवर साल्पेकरांची ज्येष्ठा होती. आखणी झाली, भिंतीकडे तोंड झालं, फडकं पडलं.

आवाहनाच्या संध्याकाळी साल्पेकरबाईंनी उंबऱ्यावर फडकं उचललं. आत रश्मी हळदीकुंकवाची पावलं काढत होती, दारात शेजारणी ताट-चमचा वाजवत होत्या, “महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?” ताट एकदम थांबलं. डावी भुवई वर. ओठाच्या कोपऱ्यात हसू. घरातून काढलेली थोरली सून ज्येष्ठा होऊन दारात उभी होती, आणि नवी सून तिच्यासाठी पावलं काढून राहिली होती.

परत पाठवता येईना, झाकता येईना, तीन दिवस हलवता येईना. दुसऱ्या दिवशी जेवण आणि हळदीकुंकू. सगळी रांझी लोटली. ज्या बायका वर्षात एकदा जायच्या त्या जावांना घेऊन पुन्हा गेल्या. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, सगळं अलकासमोर. साल्पेकरसाहेबांनी साष्टांग घातला. मुलगा आतल्या खोलीतून बाहेरच आला नाही. आणि साल्पेकरबाई, ज्यांनी त्या मुलीला कधी दुसरी पोळी वाढली नाही, त्या हात जोडून म्हणत होत्या, “गोड मानून घे.” मला जे समाधान झालं ते मी लपवणार नाही. देवाच्या दारात न्याय असतो म्हणतात, मी तो एकदाच पाहिला.

सासरच्या पंगती उरकून मी रांझीला धावले होते, काकू माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनीही तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. जागीच थांबल्या. मग पुढे जाऊन कुंकू लावता लावता हळूच म्हणाल्या, “अगं बाई, आलीस का तू?” असा आनंद मी कोणाच्या तोंडावर फार कमी पाहिला आहे. स्वतःच्या कामाचा नव्हे. पाहुणी आल्याचा.

बाहेर आल्यावर कोणीतरी विचारलं, “काकू, मुद्दाम काढली न?”

“मुद्दाम काढायला बसले असते तर आली असती का?”

पण जाताना दाराशी रश्मीने मला गाठलं. “दीदी, सगळ्या माझ्याकडे बघून हसून का राहिल्या? कोणासारखी आहे ही?” मी काही बोलायच्या आधी काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “कोणासारखी नाही गं. चलो, तू जेवून घे.” घरी निघालो तेव्हा काकू झपझप पुढे चालत राहिल्या. फाटकाशी एवढंच म्हणाल्या, “त्या पोरीचं काय चुकलं?”

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी साल्पेकरबाई काकूंच्या पडवीत हजर. सोबत मंडळाच्या दोघी, पिशवीत मुखवटा, हातात कॅलेंडरचं चित्र.

“हे आत्ताच्या आत्ता पुसा. तुमच्या हातानं.”

मी भिंतीपलीकडून ओरडले, “काकू, नका पुसू! काही गरज नाही.”

“राहू दे, शोभा. त्या नव्या पोरीनं पेटीत हिला काहून सांभाळावं?”

आणि ओलं फडकं घेऊन त्यांनी पुसलं. पुसायचं त्यांना काही वाटत नव्हतं हो, दरवर्षी पुसायच्या. खरी गोष्ट पुढे आहे. साल्पेकरबाईंनी ते चित्र समोर टेकवून ठेवलं, खुर्ची मागून घेतली आणि म्हणाल्या, “आता ही काढा. अशीच्या अशी. आम्ही बसलोय.”

तिघी बसल्या. तोंडं मिटून, नजर काकूंच्या बोटावर. काकूंनी हनुवटी काढली, चित्रात बघितलं, पुसली. पुन्हा काढली. “कोणीतरी बोला न,” त्या म्हणाल्या. कोणी बोललं नाही. मी बोलायला लागले तर साल्पेकरबाई म्हणाल्या, “तू मधे बोलू नकोस, त्यांचं ध्यान जातं.” एक डोळा वर, एक खाली. पुसला. पुन्हा वर-खाली. त्या हाताला मी कधी रेघ मोडताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत बाई त्या एका चेहऱ्याशी झगडत होत्या आणि कपाळावरचा घाम रंगात पडत होता. शेवटी चित्रासारखं चित्र झालं. साल्पेकरबाईंनी मुखवटा उचलला, लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, “बघा! मन लावून काढलं की येतं न!”

मन लावून. त्या दोन शब्दांनी जे केलं ते शंभर शिव्यांनी झालं नसतं. पुढच्या वर्षी ओळीतल्या बायका आल्या, पण हातात कॅलेंडरची चित्रं घेऊन. “काकू, अशी काढाल? आणि कोणासारखी नको हं.” गोष्टी बंद. न जाणो आपल्या घरातलं काय देवीच्या तोंडावर उतरेल! ज्यांच्या घरात लपवायला काही नव्हतं त्याही गप्प बसायला लागल्या. टेंभुर्णेकाकूसुद्धा. काकू आता बाजेवर बसायच्या, समोर आरसा ठेवून डोळे सारखे आहेत का ते बघायच्या. जिलबी ताटलीत वाळून जायची. मग कोणी नागपूरहून तयार मुखवटे आणले, धुता येणारे, दरवर्षी तेच हसणारे. एकीने आणले, मग सगळ्यांनी आणले. काका निवृत्त झाले आणि दोघं अधारतालच्या लहानशा घरात राहायला गेले. मुलगा पुण्याला. रंगाचा डबा माळ्यावर.

मी हट्टी. लग्न होऊन सिविल लाइंसला आले तरी माझ्या सासरच्या महालक्ष्म्या काकूंच्याच हातच्या. एका वर्षी ज्येष्ठेचा रंग फार उडाला म्हणून तिला घेऊन अधारतालला गेले, जिलबी घेऊन गेले, आणि तोंडाची टकळी चालू ठेवली. ऑफिसच्या भानगडी, नणंदेचं वजन, शेजारच्या वर्माजींचा विग पंख्याच्या वाऱ्याने कसा उडाला. सगळं सांगितलं. काकूंनी चष्मा लावला, मुखवटा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “जरा थांब गं, बोलू नको. चुकते.” मी थांबले. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “कशी पाहिजे तुला?”

उभ्या आयुष्यात ज्या बाईने हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता! मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कोणावर काढायचा ते कळेना. मी म्हटलं, “येईल तशी.” त्या म्हणाल्या, “येत नाही न आता. सांग, कशी पाहिजे.”

ती ज्येष्ठा अजून माझ्याकडे आहे. डोळे सारखे, ओठ सारखे, नाक सरळ. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणतात, “किती रेखीव!” शेजारी कनिष्ठा, तिला मी त्या दिवशी नेलंच नव्हतं, ती जुन्या रांझीच्या पडवीतलीच. रंगाचे पोपडे निघालेत, एक डोळा जरा तिरपा, पण बाई कसल्यातरी गमतीत उभी आहे. मागे मंडळाने कशासाठी ते न सांगता दोघींचे फोटो मागवले होते. पत्रकावर छापला कोणाचा ते सांगायला नको.

मधे मंडळाने काकूंचा सत्कारही केला. शाल, श्रीफळ, ‘कलासाधिका’. भाषण साल्पेकरबाईंचं : कुमुदताई किती मन लावून काम करतात. शाल लोकरीची आणि महिना मे. परत येताना ऑटोत काकू म्हणाल्या, “इस्त्री करताना खाली घालायला बरी आहे.” त्या दिवशी मला वाटलं, बाई अजून आहे आत कुठेतरी. आताच्या कार्यशाळेचं उद्घाटनही साल्पेकरबाईच करणार आहेत. ऐंशी ओलांडली, पण माइक सुटत नाही.

काका गेले, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी काकूंना शेवटचं पाहिलं. न कळवता गेले होते. दार उघडं, घरात कोणी नाही. हाक मारली तर वरून आवाज आला, “कोण? शोभा का? गच्चीवर ये, पण पायात चप्पल राहू दे, फरशी तापून राहिली.”

गच्चीच्या दारातल्या सावलीत, गोणपाटावर, पाय पसरून बसल्या होत्या. बाजूला पाण्याचा तांब्या. समोर तापलेल्या फरशीवर बोटाने काहीतरी चाललं होतं आणि तोंडाने बडबड. मला वाटलं, माझ्याशी बोलून राहिल्या. माझ्याशी नव्हे. स्वतःलाच गोष्ट सांगत होत्या, स्टेशनवरच्या ट्रंकेची. मी वाकून बघितलं. हनुवटी, गाल, ओठाच्या कोपऱ्यात अडकलेलं हसू. रेघ एकदाही थांबली नव्हती. बोट तांब्यात बुडवून त्यांनी डोळे ओढले, मग डावी भुवई, वर. हनुवटी तोवर वाळूनही गेली होती.

“काकू,” मी म्हटलं, “अहो, कागदावर काढा न! मी रंग आणून देते. ही ठेवू आपण.”

“ठेवली की लोक बघतात,” त्या म्हणाल्या. “आणि मग पुसायला सांगतात. इथे कोणी सांगत नाही. आपली आपण येते, आपली आपण जाते.”

गाल गेले, ओठ गेले. भुवई तेवढी जरा वेळ राहिली, मग तीही गेली आणि फरशी कोरी झाली. मला वाटलं आता त्या उठतील. काकूंनी तांब्या जवळ ओढला, बोट बुडवलं आणि मला म्हणाल्या, “बस न. ती दूधवाल्या भैयाची म्हैस सांग. तुझ्या आईला काढते.”